ताट पांढरं होत जातं

नागपुरात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही फोन करून विचारा, काय जेवलात? "वरण-भात घेतला थोडा." रात्री? "दूध-पोळी." सकाळी? "चहा-टोस्ट. ह्या वयात अजून काय पाहिजे?" एकादशी असली तर साबुदाण्याची उसळ, शनिवार धरत असतील तर भगर. पाहुणे आलेच तर तेवढ्यापुरते पोहे. म्हाताऱ्या माणसानं हलकं खावं, पचेल तेवढंच खावं, हे आपल्याकडे इतकं ठरलेलं आहे की त्या ताटाकडे कोणी नीट पाहतच नाही. मी पाहायला लागले ते आईच्या डोळ्यांमुळे.

आई नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहते. वर्षभरापूर्वी तिनं स्वयंपाकघराच्या फरशीवरून कुरबूर सुरू केली. टाइल्सच्या मधल्या रेघा तिला वाकड्या दिसत होत्या. "कोणी बसवली ही फरशी, काय करून ठेवलं त्यानं," असं ती गवंड्याला नावं ठेवायची. फरशी बसवून वीस वर्षं तरी झाली असतील. मग दाराची चौकटही मधेच फुगल्यासारखी दिसायला लागली आणि पेपर वाचताना ओळीतला मधलाच शब्द गायब व्हायला लागला. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, त्यामुळे "आता परत कसला मोतीबिंदू" म्हणून आणखी थोडे दिवस गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या हातात एक कागद दिला. त्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी, मधोमध एक ठिपका. ॲम्सलर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावानं ही जाळी ओळखली जाते. एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे पाहायचं आणि रेघा कुठे वळतात, कुठे पुसल्या जातात ते सांगायचं. उजव्या डोळ्यानं पाहताना आईनं बोट ठेवून दाखवलं, "इथं खड्डा आहे." मग ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारी तपासणी झाली. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाणी साचलेलं होतं आणि डावीकडे पिवळसर ठिपके. पडद्याच्या मधोमध पाचेक मिलिमीटरचा एक भाग असतो. मॅक्युला, मराठीत पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक नजर तिथून येते. वयाबरोबर त्याची झीज होते तो आजार एएमडी. कोरडा प्रकार हळू चालतो, ओला प्रकार एकदम घात करतो. आईच्या उजव्या डोळ्यात ओला होता, डाव्यात अजून कोरडा.

उजव्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर आमच्या घरात जो हलकल्लोळ झाला तो बाजूला ठेवते. आईला स्वतःला त्याचं फारसं काही वाटलं नाही. "कळलंही नाही, तुम्हीच लोक घाबरून राहिले," असं म्हणून तिनं रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस केली. खरा प्रश्न होता डाव्या डोळ्याचा. तो जपायचा कसा? आणि नातेवाइकांमधून, वाड्यातल्या बायकांमधून, व्हॉट्सॲपवरून एकच प्रश्न येत होता: काय खायला द्यायचं?

उत्तरंही सोबतच येत होती. गाजराचा रस द्या. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवा. हळद द्या, आवळा द्या, बदाम भिजवून द्या. गाजराचं घ्या. त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होतं आणि ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरंच आहे. कुपोषित मुलांचे डोळे त्यानं जातात. पण आईला अ जीवनसत्त्व कमी पडत नव्हतं, त्यामुळे कितीही गाजरं खाल्ली तरी तिचा खड्डा भरणार नव्हता. हळद आणि आवळ्याचं प्रकरण थोडं वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मधुमेही उंदरांना हळद, आवळा असलं खाणं दिलं आणि त्यांच्यात मोतीबिंदू उशिरा येतो असं दाखवलं. काम चोख आहे. पण ते उंदीर होते, आणि फॉरवर्ड करणारे तेवढी एक ओळ गाळतात.

माणसांवरचं सगळ्यात मोठं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेनं केलं. एआरईडीएस नावाचा तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. एएमडीच्या भागात साडेतीन हजारांवर लोक होते, वय ५५ ते ८०. त्यांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, भरपूर ई जीवनसत्त्व, १५ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि ८० मिलिग्रॅम जस्त दिलं. एवढ्या जस्तानं शरीरातलं तांबं कमी होतं, म्हणून वर थोडं तांबंही. पाच वर्षांनी हिशेब केला. मधल्या टप्प्याचा आजार असलेल्या, किंवा आईसारखा एक डोळा आधीच गेलेल्या लोकांत, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या शंभरातल्या २८ जणांचा आजार पुढच्या टप्प्यात गेला. खरी गोळी घेणाऱ्यांत २० जणांचा. म्हणजे शंभरातले आठ वाचले. आठ हा आकडा थोडा वाटत असेल, तर त्या आठातल्या एकाला विचारून पाहावं. पण ज्यांचे डोळे चांगले होते किंवा अगदीच सुरुवात होती, त्यांना गोळीचा फायदा दिसला नाही. मोतीबिंदूवर तर काहीच परिणाम नाही. आणि गेलेली नजर त्या गोळीनं कुणाचीच परत आली नाही.

याचा दुसरा भाग २०१३ साली आला. तो मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला आमच्या घरातलं एक कारण आहे. ते म्हणजे मामा.

मामा आईचे धाकटे भाऊ, नंदनवनला राहतात. शुगर पंधरा वर्षांची. सिगारेट डॉक्टरांनी धमकावल्यावर सोडली, खर्रा, म्हणजे घासलेली तंबाखू-सुपारी, सोडलेला नाही. आईचं ऐकून घाबरले आणि त्यांच्या मुलीनं अमेरिकेहून डोळ्यांच्या गोळ्यांची एक मोठी बाटली पाठवली. मामांनी ती शोकेसमध्ये ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. मी लेबल वाचलं. जुन्या फॉर्म्युल्याची बाटली होती, बीटा कॅरोटीनवाली.

फिनलंडमध्ये १९९४ साली २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरचा एक अभ्यास संपला होता. बीटा कॅरोटीननं फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. झालं उलटं. गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून अमेरिकेच्या दुसऱ्या अभ्यासात, ४२०३ लोकांमध्ये, बीटा कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन, ही पालेभाज्यांत आणि मक्यात असणारी पिवळी द्रव्यं, वापरून पाहिलं. फायदा तसाच मिळाला आणि फुप्फुसाचा धोकाही टळला. बीटा कॅरोटीन घेतलेल्या गटात जे कॅन्सर झाले, ते बहुतेक अशा लोकांना, ज्यांनी सिगारेट आधी ओढून सोडलेली होती. म्हणजे नेमके मामा. मी त्यांना सांगितलं, तुमच्यासाठी ही बाटली नाही. ते म्हणाले, "पोरीनं एवढ्या प्रेमानं पाठवली, फेकू का?" बाटली अजून शोकेसमध्ये आहे. बंद आहे, एवढं पाहून ठेवलंय.

त्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. ल्युटिनचा सगळ्यात जास्त फायदा त्यांना झाला, ज्यांच्या रोजच्या खाण्यात मुळात ल्युटिन सगळ्यात कमी होतं. ज्यांच्या ताटात आधीच पालेभाजी होती त्यांना गोळीनं विशेष काही मिळालं नाही. हे वाचलं आणि आईचं पांढरं ताट माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

पीतबिंदूचा पिवळा रंग म्हणजेच ल्युटिन आणि झियाझँथिन. ही रंगद्रव्यं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, सगळी खाण्यातून यावी लागतात. पडद्यावर दिवसभर प्रकाश पडतो, तिथल्या पेशी भरमसाठ ऑक्सिजन वापरतात, आणि त्यातून जी जाळपोळ होते ती ही पिवळी द्रव्यं काही प्रमाणात अडवतात. निळा प्रकाशही तीच गाळतात. पालक, मेथी, चवळाई, अंबाडी, सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी कोथिंबीर, या सगळ्यात ल्युटिन असतं. हिरव्या रंगाखाली ते दडलेलं असतं म्हणून पिवळं दिसत नाही, इतकंच. गोळीतलं १० मिलिग्रॅम ल्युटिन वाटीभर शिजवलेल्या पालकात आरामात मिळतं. झियाझँथिन मक्यात भरपूर. फुटाळा तलावावर पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून, लिंबू-तिखट चोळून मिळणारं कणीस त्यासाठी उत्तम. अंड्याच्या बलकात दोन्ही थोडी-थोडी असतात, पण तिथल्या स्निग्धांशामुळे चांगली शोषली जातात. आई अंडं खात नाही. घरात अंडं शिजलं तर त्या दिवशी ती चहाही बाहेरच्या खोलीत घेते. त्यामुळे तो विषय तिथंच संपला.

शोषणाचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. ही द्रव्यं तेलात विरघळणारी आहेत. बिनतेलाची उकडलेली भाजी, जी आपण आजारी माणसाला "हलकी" म्हणून देतो, तिच्यातलं ल्युटिन बरंचसं तसंच बाहेर पडतं. फोडणी पाहिजे. पळीभर तेल, लसूण, जिरं, लाल मिरची. शिजवल्यानं ल्युटिनचं फार बिघडत नाही, उलट पानाच्या पेशी फुटून ते मोकळं होतं. क जीवनसत्त्वाचं मात्र उलट आहे. ते उष्णतेनं आणि पाण्यानं जातं. पालक उकळून ते पाणी फेकून देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, त्यात माझी एक जाऊही आहे, तिचं नाव घेत नाही. म्हणून भाजी शिजलेली आणि फोडणीची, आणि क जीवनसत्त्वासाठी वरून लिंबू किंवा सोबत कच्चं फळ, असा सोपा हिशेब बसतो.

क जीवनसत्त्वावर थोडं थांबते, कारण ते मोतीबिंदूशी जोडलेलं आहे, आणि मोतीबिंदू हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हेगार. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या आंधळ्या लोकांपैकी ६६ टक्के मोतीबिंदूनं आंधळे होते. एएमडी त्यापुढे खूपच कमी. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातले तंतू आईच्या पोटात असताना तयार होतात आणि मरेपर्यंत तेच राहतात. शरीर तिथली प्रथिनं बदलत नाही. सत्तर वर्षं ऊन, साखर, धूर सोसल्यावर ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि अंड्याचा पांढरा भाग शिजताना दुधाळ होतो तसं भिंग गढूळ होतं. भिंगासमोरच्या पाण्यात क जीवनसत्त्व रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त साठवलेलं असतं. निसर्गानं ते तिथं उगाच ठेवलेलं नाही.

आपल्याकडे उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या लोकांवर इंडआय नावाचा एक अभ्यास झाला. त्यात ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त, त्यांच्यात मोतीबिंदू कमी, असं दिसलं. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच आकड्यानं. क जीवनसत्त्वाची सरळ कमतरता उत्तरेत ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के म्हाताऱ्यांत होती. कुणाला जास्त? वय जास्त त्यांना, पुरुषांना, तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना आणि ज्यांच्या घरी लाकूड-गोवऱ्यांची चूल पेटते त्यांना. लिंबाला काही फार पैसे पडत नाहीत. आवळ्यात आणि पेरूत संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्व जास्त, आणि दोन्ही गावोगावी मिळतात. तरीही म्हाताऱ्यांच्या ताटात ते नाही. गरिबी आहेच, पण नुसती गरिबी नाही. धरमपेठच्या बंगल्यांतही म्हातारे दूध-पोळीच खातात.

मग मी आईच्या ताटामागची कारणं शोधायला लागले आणि ती एकेक करून तिच्याच तोंडून बाहेर आली. पहिलं कारण दात. खालची कवळी टोचते, म्हणून ती जेवताना काढून ठेवते. "पालेभाजी चावल्या जात नाही मला, घशात अडकते." संत्र्याच्या फोडीची साल चिवट लागते, पेरूच्या बिया कवळीखाली जातात. दुसरं, एकटीसाठी भाजी करायची इच्छा होत नाही. बाबा होते तेव्हा रोज दोन भाज्या व्हायच्या. तिसरं कारण ऐकून मात्र मी गप्पच झाले. मेथी आणणं तिनं बंद केलं होतं, कारण ती निवडताना अळी दिसत नव्हती. एकदा भाजीत अळी निघाली होती आणि ती पाहुण्यांच्या ताटात निघाली होती. त्या लाजेनं तिनं पालेभाजीच बंद केली. नजर कमी झाली म्हणून भाजी सुटली, आणि भाजी सुटल्यानं नजरेला जे मिळायला हवं तेही सुटलं. हे चक्र कुठल्याही अभ्यासात मी वाचलेलं नाही, पण म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात ते उघड दिसतं.

आमच्या नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत डोळ्यांचा एक मोठा अभ्यास झालाय, हे इथल्या फार लोकांना माहीत नाही. सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे प्रा. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ मध्ये शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आठ गावांत तिशीपुढच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले. एएमडीचा पुढचा टप्पा तिथं अगदी तुरळक सापडला. यावरून "बघा, भाकर-भाजी खाणाऱ्यांना होत नाही" असं म्हणायचा मोह होतो. पण ते लोक तरुण होते, तीस-चाळीस वर्षांचे बरेच. ऐंशीपर्यंत पोचणारे थोडे. पश्चिमेकडच्या लोकांत जी जनुकं हा आजार वाढवतात त्यांचाही वाटा असतो. जेवणाला सगळं श्रेय देऊन मोकळं होता येत नाही.

तरी बुधवारच्या सक्करदऱ्याच्या बाजारात गेलं की वाटतं, इथं असलेली औषधं कुठल्या दुकानात मिळतील? उन्हाळ्यात चिवळ येते. घोळीची धाकटी बहीण, बारीक पानांची, आंबटसर. डाळ टाकून तिची पातळ भाजी इतकी मऊ होते की कवळीचीही गरज नाही. अंबाडी येते, तिला ज्वारीच्या कण्या लावून शिजवायची आणि वरून लसणाची फोडणी. पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचे कोवळे शेंडे विकायला खेड्यातल्या बाया येतात, टोपलीवर ओलं फडकं टाकून. हिवाळ्यात सांबाराच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि घरोघरी सांबारवडी होते. ती तळलेली असते हे मला माहीत आहे, पण आत मूठ-मूठ सांबार असतो, आणि डॉक्टरांनी काही सगळं काढून घेतलेलं नाही. कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची बाकरभाजी, तिच्यात कोहळ्यातलं बीटा कॅरोटीन अन्नातून येतं. त्याचा धोका नसतो, धोका गोळीतल्या मोठ्या मात्रेचा.

आणि जवस. विदर्भात जवसाचं तेल खाण्यात होतं, माझ्या आजीच्या घरी घाण्याचं यायचं. आता उरली ती जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ भरपूर, हे खरं. पण पडद्याला त्यातला जो डीएचए नावाचा प्रकार लागतो तो मुख्यतः माशांत असतो, आणि जवसातल्या ओमेगा-३ चं डीएचए शरीर फार थोडं करू शकतं. २०१३ च्या त्या अभ्यासात माशांच्या तेलाच्या गोळ्यांनी काही जास्तीचा फायदाही दाखवला नाही. मासे खाणाऱ्यांत एएमडी कमी दिसतो, गोळी खाणाऱ्यांत तसं दिसत नाही. यातून काय समजायचं ते समजा. मी जवसाची चटणी चवीसाठी खाते.

एकूणच युरोपातल्या मोठ्या पाहण्यांत एकेका पदार्थापेक्षा अख्ख्या आहाराचं माप जास्त उठून दिसलं. हॉलंड आणि फ्रान्समधल्या लोकांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर, भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचं खाणाऱ्यांत एएमडीचा पुढचा टप्पा ४१ टक्के कमी निघाला. भाज्या, फळं, डाळी, मासे, ऑलिव्हचं तेल, लाल मांस कमी. ऑलिव्ह सोडलं तर आपल्या पंगतीतलं काही फार दूर नाही. फक्त आपण भाजीची वाटी लहान करतो आणि भाताचा डोंगर मोठा.

भाताच्या डोंगरावरून मामांकडे परत येते. त्यांच्या डोळ्यांना धोका एएमडीपेक्षा शुगरचा जास्त आहे. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळतात, फुटतात. त्याच काळातल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या दर सहा मधुमेहींपैकी एकाच्या पडद्यावर हा बिघाड सापडला. साखर काबूत ठेवल्याचा उपयोग किती, हे १९९३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं. लहान वयात होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांत, कडक नियंत्रण ठेवलेल्यांत पडद्याचा आजार सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. साखर काबूत ठेवण्याच्या बाजूनं पुरावा एवढा जबरदस्त आहे. ल्युटिन-बिटिन राहू द्या. मामा सकाळी तर्री-पोहे खातात, वर आलूबोंडा, आणि दुपारी मला फोन करून विचारतात, "संत्रं चालते का गं शुगरला?" संत्र्याला ते घाबरतात. संत्रा बर्फी मात्र दिवाळीच्या डब्यात आली तर "नागपूरची आहे, फळच आहे ते" म्हणून दोन तुकडे खातात. एक अख्खं संत्रं, रेशांसकट, मधुमेह्यालाही बेतानं चालतं. चालत नाही ती बर्फी, आणि ग्लासभर गाळलेला रस. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातल्या अभ्यासात तर रोज एक संत्रं खाणाऱ्यांत पंधरा वर्षांनी एएमडीचा पुढचा टप्पा ६० टक्के कमी दिसला. ती फक्त पाहणी होती, संत्रं खाणारे लोक इतर बाबतींतही शहाणे असू शकतात. पण संत्र्याच्या गावात राहून संत्र्याला घाबरायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

खर्ऱ्याबद्दल मामांशी बोलणं व्यर्थ आहे, तरी लिहिते. पानठेल्यावरचा तो पोऱ्या सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर टाकून तळहातानं घासतो, घासतो, मिश्रण गरम होईपर्यंत घासतो, मग पुडी बांधून देतो. तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यांना माहीत आहे, बोर्डही लागलेले असतात. डोळ्यांचं कोणी सांगत नाही. धूम्रपान हे एएमडीचं टाळता येण्यासारखं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि इंडआयमध्ये कुठलाही तंबाखू घेणाऱ्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी सापडलं. एका हातानं आवळा आणि दुसऱ्या हातानं खर्रा, हा व्यवहार तोट्यातच जाणार.

काचबिंदूचं इथं थोडक्यात, कारण खाण्याचा संबंध तिथं तितका पक्का नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात हिरव्या पालेभाज्या जास्त खाणाऱ्यांत काही प्रकारचा काचबिंदू कमी दिसला, पण उपचार म्हणून कोणी पालक लिहून देत नाही. ज्याला काचबिंदू आहे त्यानं थेंब नियमित टाकावेत, आणि उन्हातून येऊन लिटरभर पाणी एका दमात पिऊ नये. त्यानं डोळ्यातला दाब काही वेळ वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणं म्हणजे क्रूरपणाच आहे. घोट-घोट प्यावं.

आता आईचं. डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी नव्या फॉर्म्युल्याची गोळी लिहून दिली, ती सुरू आहे. पण मी आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. खालची कवळी घासून नीट बसवली, नंतर नवीच करून घेतली. मेथी-पालक आता माझ्याकडे निवडून, धुऊन, चिरून डब्यात जातात, अळीची जबाबदारी माझी. वाड्यातली काम करणारी ताई पालकाचं गरगट करते, बेसन लावून, दह्याशिवाय, कारण आईला दह्यानं सर्दी होते म्हणे. कधी मक्याचा कीस. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून वाटीत दिल्या की खाते. आवळा कच्चा खात नाही, पण ताज्या आवळ्याची चटणी सांबार घालून केली तर वरण-भातासोबत बोट-बोट चाटते. दुपारी बाहेर पडायचं तर टोपी आणि गॉगल. गॉगल तिला आवडत नाही. "मी काय सिनेमातली आहे का?"

जाळीचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ती एकेक डोळा झाकून पाहते आणि काही वेगळं दिसलं तर मला फोन करायचा, असं ठरलंय. मागच्या तपासणीत डावीकडचे ठिपके होते तेवढेच होते. त्यात गोळीचा वाटा किती, पालकाचा किती आणि नशिबाचा किती, हे एका डोळ्यावरून कोणीही सांगू शकत नाही. त्यासाठीच तर हजारो माणसं घेऊन पाच-पाच वर्षं मोजावं लागतं. आईनं मात्र निकाल लावून टाकलाय. तिच्या मते भाजीत मीठ कमी असतं, ताईला फोडणी जमत नाही, आणि सांबाराची जुडी एवढी महाग असताना मी ती डब्यात भरभरून पाठवते म्हणजे मला पैशाची किंमत नाही. काल म्हणाली, पुढच्या बुधवारी बाजारात मला घेऊन चल, तुला भाव करता येत नाही.